वाटेवर मोजलेल्या पेशी

“काउंट वाढलाय म्हणता ताई, पण कुठं काय झालंय ते लिहिलंय का ह्यात?”

बाई रिपोर्टचा कागद उलटा करून बघत होती. मागची बाजू कोरी. भद्रावती पेठेतली, मराठीला तेलुगूचा हेल, खांद्यावर चार-पाच वर्षांचा मुलगा तापानं मलूल होऊन पडलेला. पांढऱ्या पेशी 19,200. निरोगी प्रौढ माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या 4,000 ते 11,000 असतात. मी त्या आकड्याखाली लाल रेघ ओढली होती. तिला नेहमीचं उत्तर दिलं, “डॉक्टरांना दाखवा, ते तपासून सांगतील.” ती गेली. मी पुढची ट्यूब लावली, पण हात चालेना.

सोलापुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी 27 वर्षं रक्त तपासते आहे. सुरुवातीची काही वर्षं काउंट हातानं व्हायचा. पिपेटनं रक्त ओढायचं, चौकोन आखलेल्या काचेवर, न्यूबॉवर चेंबरवर, सोडायचं आणि मायक्रोस्कोपखाली चौकोन-चौकोन मोजत जायचं. आता मशीन मिनिटाभरात छापून देतं. पण हातानं मोजा की मशीननं, त्या बाईचा प्रश्न दोघांनाही पेलत नाही. कारण आम्ही कोपराच्या शिरेतून काढतो तो रस्ता असतो. पांढरी पेशी रक्तात राहत नाही, ती रक्तातून जाते. हाडांच्या मगजात तयार होते, रक्तात काही काळ प्रवास करते, आणि जिथं गरज असेल तिथं रस्ता सोडून आत शिरते. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत एसटी स्टँडवरची गर्दी मोजली तर गर्दी वाढल्याचं कळेल. माणसं सिद्धेश्वराला निघालीत की कुणाच्या लग्नाला, ते त्या मोजणीत कुठून येणार?

आणि रस्त्यावरचीसुद्धा सगळी गर्दी आम्ही मोजत नाही. हे मला एका नमुन्यानं शिकवलं. मी कामाला लागून वर्षही झालं नसेल. एका दमेकऱ्याचा काउंट सकाळी 8,000 होता, दुसऱ्या दिवशी 16,000 निघाला. ताप नाही, काही नाही. मला वाटलं माझाच हात चुकला. पुन्हा केला, पुन्हा तेच. सरांना दाखवला तर त्यांनी एवढंच विचारलं, “स्टिरॉइड सुरू केलंय का बघ.” केलं होतं. न्यूट्रोफिल ही पांढऱ्या पेशींतली सगळ्यात मोठ्या संख्येची जात. रक्तातल्या या पेशींपैकी साधारण निम्म्या वाहत नसतात, त्या नसांच्या कडेला टेकून असतात. स्टिरॉइड दिलं की कडेच्या पेशींची पकड सुटते आणि त्या प्रवाहात येतात. मगजातूनही काही जास्त बाहेर पडतात. आकडा दुप्पट दिसतो, पण रोगाच्या जागी पोचणाऱ्या पेशी उलट कमी झालेल्या असतात. म्हणजे रिपोर्टवर गर्दी आणि मुक्कामावर शुकशुकाट. त्या दिवसापासून मी आकड्याकडे बघायला लागले ते संशयानं नव्हे, पण थोडं थांबून.

माझं आजोळ मोहोळ तालुक्यातलं. सुट्टीत गेलं की पायात बाभळीचा काटा मोडणं ठरलेलं. एकदा टाचेत खोल मोडला आणि कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी टाच लाल, गरम, सुजलेली, ठणका असा की रात्रभर झोप नाही. आजीनं दिव्याच्या उजेडात बोटानं दाबून बघितलं आणि रुईचं पान तेल लावून, गरम करून बांधलं. म्हणाली, “पिकू दे. पिकल्याबिगर निघायचा नाही.” दोन दिवसांनी पू आला आणि पुवाबरोबर काट्याचं काळं टोक बाहेर आलं. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस यानं पहिल्या शतकात लिहून ठेवली. आजीनं त्याचं नाव ऐकलं नव्हतं, पण तिच्या बोटाला चारही माहीत होती.

पू म्हणजे काय हे मला कॉलेजात कळलं, आणि तेव्हा तो काटा आठवून मी वहीत लिहायची थांबले होते. पू म्हणजे बहुतांशी मेलेल्या न्यूट्रोफिल पेशी. माझ्या टाचेपाशी त्या लाखोंनी चालत आल्या, लढल्या आणि तिथंच संपल्या. एका प्रौढ माणसाचा मगज दिवसाला साधारण दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करतो, त्यामुळे लाखोंचा हिशेब शरीराला जड नाही. मला अडलं ते दुसरीकडे. सगळं शरीर सोडून त्यांना टाच कशी सापडली?

याच काट्यापासून हा प्रश्न एका माणसाला पडला होता. 1882 सालची गोष्ट. इल्या मेचनिकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ ओडेसाच्या विद्यापीठातली नोकरी सोडून सिसिलीतल्या मेसिना गावी येऊन राहिला होता. घरची मंडळी सर्कशीला गेली होती, आणि हा घरी एकटाच मायक्रोस्कोप लावून तारामाशाच्या पारदर्शक अळ्या बघत बसला होता. अळीच्या अंगात काही पेशी हिंडताना त्याला दिसत होत्या. त्याच्या मनात आलं, हिच्या अंगात काही टोचलं तर या पेशी तिकडे धावतील का? अंगणातल्या गुलाबाचे काटे आणून त्यानं ते अळीच्या पातळ कातडीखाली खुपसले. रात्रभर त्याला झोप लागली नाही. पहाटे बघतो तर काट्याभोवती हिंडत्या पेशींचा वेढा. 1908 साली त्याला पॉल एर्लिखबरोबर नोबेल मिळालं ते याच वाटेवरच्या कामासाठी. माझ्या आजीच्या बोटाखाली जे चाललं होतं ते त्यानं काचेतून बघितलं होतं. मला ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी पुरत नाही.

पेशी धावतात हे दिसलं. हाक कोण देतं, कशी देतं, हे उलगडायला पुढचं शतक गेलं.

हाकेचा विचार करताना मला लहानपणी भोंगाच आठवायचा. आम्ही गिरणीच्या चाळीत राहायचो. सोलापुरात पहिली गिरणी 1877 मध्ये सुरू झाली, पुढे तिलाच लोक जुनी मिल म्हणायला लागले. मग एकेक करत शहराच्या आभाळात धुराड्यांची रांग उभी राहिली. भोंगा झाला की चाळीतले गडी डबे घेऊन बाहेर पडायचे, गल्ल्यागल्ल्यांतून माणसांचे ओघ एकाच दिशेला लागायचे. माझे वडील, अण्णा, एका गिरणीत कार्डिंग खात्याला होते. पहिल्या पाळीला जाताना अंधारात त्यांच्या चपलांचा आवाज लांब जाईपर्यंत मी जागी असायची. शरीरातली हाक अशीच असणार, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले.

पण भोंग्याची उपमा अर्ध्या वाटेत सोडून देते. भोंगा वेळ सांगतो, वाट सांगत नाही. अण्णांना गिरणीची वाट पाठ होती. पेशीला वाट पाठ नसते. शिवाय ती चालत नसते, रक्ताच्या लोंढ्यात वाहत असते. टाचेतल्या जखमेनं एखादा रेणू रक्तात सोडला तर तोही त्याच लोंढ्यात पुढे वाहून जाणार. नदीत हाक मारल्यासारखं. मग वाहत्या पेशीनं नेमकं टाचेपाशी थांबायचं कसं?

याचं उत्तर मला माहीत असलेल्या सुंदर गोष्टींपैकी एक आहे. हाक रक्तात सोडलीच जात नाही. ती नसेच्या भिंतीवर चिकटवलेली असते.

होतं ते असं. काटा घुसला की तिथल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. जवळच्या नसा रुंदावतात, गळक्या होतात. लाली आणि सूज इथूनच. तिथं पहारा करणाऱ्या मॅक्रोफेज पेशी जंतूची चाहूल लागताच टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-1 हे रेणू सोडतात. हे सायटोकाइन म्हणजे एका पेशीनं दुसरीला दिलेले निरोप. निरोप नसेच्या आतल्या अस्तराला पोचतो आणि अस्तराचं रूपच बदलतं. एरवी ते गुळगुळीत असतं, पेशी त्यावरून सरकून जातात. आता त्यावर सिलेक्टिन नावाचे हुकासारखे आकडे वर येतात. पी-सिलेक्टिन आधीच डबीत भरून ठेवलेलं असतं, ते मिनिटांत बाहेर येतं. ई-सिलेक्टिन नव्यानं घडवावं लागतं, त्याला काही तास लागतात. हे आकडे न्यूट्रोफिलच्या अंगावरच्या साखरेच्या साखळ्यांना अडकतात. पकड कच्ची असते, लागते आणि सुटते, पुन्हा लागते. त्यामुळे वेगात जाणारी पेशी भिंतीला लागून गडगडत, हळूहळू पुढे जायला लागते.

गडगडताना ती भिंत चाचपत असते. भिंतीच्या अस्तरावर हेपरान सल्फेटच्या साखरेची लव असते आणि त्या लवेवर केमोकाइन बसवलेले असतात. केमोकाइन म्हणजे पेशींना ओढून आणणारे सायटोकाइन. माणसात ते सुमारे 50 प्रकारचे आहेत. न्यूट्रोफिलसाठी सगळ्यात ओळखीचा इंटरल्यूकिन-8, तो 1987 मध्ये हाती लागला. टाचेपाशीच्या भिंतीवर तो असतो, खांद्याच्या भिंतीवर नसतो. बस, एवढाच पत्ता. पेशीला तो लागला की तिच्या अंगावरची इंटिग्रिन नावाची प्रथिनं, जी तोवर मान मोडून झोपल्यासारखी असतात, ती ताठ उभी राहतात आणि भिंत घट्ट धरतात. रक्ताचा लोंढा वरून वाहत असतो आणि पेशी जागच्या जागी थांबते. मग पसरते, भिंतीच्या दोन पेशींमधली फट शोधते आणि त्यातून अंग काढून बाहेर पडते. भिंत फोडत नाही. पॉलीचं केंद्रक तीन-चार गाठींचं का असतं (आम्ही लॅबमध्ये न्यूट्रोफिलला पॉलीच म्हणतो), याचं एक कारण हेच मानतात. अखंड गोळा फटीतून जाणं कठीण, गाठी-गाठींचा गोळा मुडपून जातो. 1867 मध्ये यूलियस कोनहाइम या जर्मन शास्त्रज्ञानं बेडकाच्या आतड्याची पातळ पडदी मायक्रोस्कोपखाली ताणून हे प्रत्यक्ष पाहिलं. पांढऱ्या पेशी नसेच्या कडेला जमतात आणि सगळीच्या सगळी पेशी भिंतीतून बाहेर येते, हे त्यानं लिहिलं. तोवर पुवातल्या पेशी तिथंच तयार होतात, असं मानणारे कितीतरी होते.

बाहेर पडल्यावर मात्र लोंढा नाही. आता तिला चालायचं आहे, मिनिटाला साधारण दहा-पंधरा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एक मिलिमीटर जायला तास-दीड तास. इथं केमोकाइनचा दाटपणा जखमेकडे वाढत जातो. पेशीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला जाणवणाऱ्या दाटपणात शेकडा एक-दोन एवढा फरक असला तरी तिला दिशा कळते. साऱ्या पेशीची लांबी ती काय! चाळीत कुणाच्या घरी शेंगाचटणी कुटायला घेतली की डोळे मिटूनही दार सापडायचं, पण त्याला निदान चार पावलं चालून वास वाढतोय का बघावं लागायचं. पेशी एका जागी उभी राहून स्वतःच्या अंगातच तो फरक ओळखते.

आणि पोचलेल्या पेशी गप्प बसत नाहीत. त्या स्वतः ल्युकोट्राइन बी-4 नावाचा रेणू सोडतात, त्यानं लांबच्या आणखी पेशींना बोलावणं जातं. मधमाश्यांचं मोहोळ जमावं तशा त्या जमतात.

ही हाक ऐकू येऊनही ज्यांच्या पेशींना थांबता येत नाही, अशी मुलं असतात. त्यांच्या इंटिग्रिनचा एक भाग, सीडी-18, जन्मतःच सदोष असतो. बाळाची नाळ एरवी एक-दोन आठवड्यांत गळून पडते, यांची कितीतरी दिवस लोंबत राहते, कारण नाळ सुटायलाही या पेशी लागतात. जंतुसंसर्ग पुन्हापुन्हा होतो. रक्तात काउंट भयंकर वाढलेला असतो आणि जखमेत पू नसतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आजीचं “पिकल्याबिगर” कानात वाजलं. काही मुलांचं पिकतच नाही. रस्ता तुडुंब भरून वाहतो आणि घरी कुणी उतरत नाही.

यातला दुसरा प्रकार आणखी दुर्मीळ आणि आपल्या मुलखाशी नातं सांगणारा. 1952 मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट नोंदवला, तोच आज जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून ओळखला जातो. साध्या तपासणीत तो ‘ओ’ दिसतो. उलट बाजूनं, रुग्णाचा सीरम (रक्तातला पेशींवेगळा केलेला द्रव) ओ पेशींवर टाकून बघितला तर मात्र गुठळ्या होतात, आणि ओ गटाचं रक्त या माणसाला चालत नाही. माझ्या हातून असा नमुना एकदाच गेला. टाइलवर ओ पेशींच्या गुठळ्या दिसल्यावर अंगावर काटा आला होता. या माणसांच्या लाल पेशींवर एच नावाची साखरेची रचना नसते, त्या रचनेत फ्यूकोज नावाची साखर लागते. पुढे 1992 मध्ये इस्राएलमधल्या डॉक्टरांनी दोन मुलांची नोंद केली. सतत संसर्ग, काउंट प्रचंड, पू नाही, आणि दोघांचा रक्तगट बॉम्बे. त्यांच्या शरीरात फ्यूकोज कुठल्याच साखळीला नीट जोडलं जात नव्हतं. लाल पेशीवर ते नाही म्हणून रक्तगट तसा, आणि पांढऱ्या पेशीवर ते नाही म्हणून सिलेक्टिनचे आकडे कशाला अडकणार? इथं एक सांगायलाच हवं, एरवीच्या बॉम्बे गटाच्या माणसांना हा आजार नसतो. त्यांचं फ्यूकोज इतर ठिकाणी व्यवस्थित असतं, फक्त एच घडवणारं एन्झाइम नसतं. रक्त मिळवण्याची अडचण सोडली तर ती माणसं ठणठणीत असतात. मला थक्क करतं ते हे, की ब्लड ग्रुपच्या टाइलवर मी जी साखर शोधत होते, तिच्याच कुळातली साखर पांढऱ्या पेशीला टाचेपाशी थांबवते.

2020 मध्ये कोविडच्या साथीत हे सगळे शब्द पुस्तकातून रस्त्यावर आले. सीआरपी, इंटरल्यूकिन-6, डी-डायमर यांच्या तपासण्यांची रांग संपायची नाही, आणि पेठेतली माणसं ‘सायटोकाइन स्टॉर्म’ असं तोंडभरून म्हणायची. त्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीतून कळलं की साधं, स्वस्त डेक्सामेथासोन व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी करतं. तेच स्टिरॉइड, ज्यानं माझ्या दमेकऱ्याचा काउंट चढवला होता. त्या दिवसांबद्दल मला याहून जास्त लिहवत नाही.

मला लिहायचं आहे अण्णांच्या सोमवाराबद्दल.

कार्डिंग खात्यात रुई पिंजून तिचे पेळू होतात. हवेत तूस इतकं, की अण्णा घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या. रविवारी सुट्टी, अंग हलकं, अण्णा आम्हाला कंबर तलावावर न्यायचे. सोमवारी कामावर गेले की दुपारनंतर छाती आवळायला लागायची. ते म्हणायचे, “छातीला दावं बांधल्यागत होतं.” कोरडा खोकला, संध्याकाळी कणकण. मंगळवारी कमी, बुधवारी जवळजवळ नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा. खात्यातल्या सगळ्यांना थोडंफार व्हायचं. शेजारचे मल्लूकाका दारातून विचारायचे, “काय बे, सोमवार लागला का?” दोघं गुळाचा खडा तोंडात टाकायचे. गुळानं घशातलं तूस खाली जातं अशी सगळ्यांची समजूत. रविवारच्या खाण्यापिण्यानं सोमवारी बाधतं, असंही म्हणत. अण्णा माळकरी होते, तरी त्यांनी ते ऐकून घेतलं.

या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुती गिरण्यांच्या लँकेशायरमध्ये 1950 च्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी त्याच्या पायऱ्या ठरवल्या, त्या सोमवारावरच. कधीमधी सोमवारी छाती आवळणं, मग दर सोमवारी, मग इतर दिवशीही, आणि शेवटी कायमचा अधू झालेला श्वास. अण्णा त्या सगळ्या पायऱ्या उतरले.

कारण कापसात नव्हतं, कापसाबरोबर येणाऱ्या गोष्टींत होतं. बोंडाच्या सुकलेल्या पातेऱ्यावर जंतू वाढतात आणि त्यांच्या अंगावरच्या कवचाचा एक घटक, एंडोटॉक्सिन, धुळीबरोबर फुप्फुसात जातो. जंतू मेलेला असला तरी कवच पुरतं. फुप्फुसातल्या मॅक्रोफेज पेशी ते आपल्या अंगावरच्या टीएलआर-4 या ग्राही प्रथिनानं ओळखतात आणि तीच हाक देतात. टीएनएफ, इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-8. नसांच्या भिंती बदलतात, न्यूट्रोफिल थांबतात, फटीतून बाहेर पडतात, वायुमार्गात येतात. सगळं माझ्या टाचेत झालं तसंच, नियमानुसार. फक्त तिथं काटा नसतो. जंतूसाठी आणलेली एन्झाइम वायुमार्गाच्या अस्तरावरच सांडतात. दिवसेंदिवस तेच चालू राहिलं की शरीराचा प्रतिसाद मंदावतो, सुट्टीच्या विसाव्यानं तो पुन्हा धारदार होतो, म्हणून पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते, असा त्याचा एक उलगडा आहे. अण्णांना बुधवारी बरं वाटायचं ते बरं होणं नव्हतंच.

दाह थांबवण्याची सोयही शरीरात असते. काम झालं की न्यूट्रोफिल मरतात, मॅक्रोफेज त्यांना गिळतात, आणि रिझॉल्व्हिनसारखे रेणू तयार होऊन नव्या पेशींची आवक बंद करतात. पण रोज सकाळी भोंगा झाल्यावर नवी धूळ आत जात असेल तर त्या सोयीला सवड कधी मिळणार?

पुढे गिरणी बंद पडली. धूळ थांबली, खोकला थांबला नाही. एका दवाखान्यात क्षयाची शंका घेतली आणि थुंकी तपासायला सांगितली. मी तेव्हा लॅबमध्ये नवीनच होते. अण्णांचा नमुना मीच रंगवला. तीन दिवस, तीन स्लाइड. क्षयाच्या जंतूंच्या लाल दांड्या शोधत शंभर-शंभर फील्ड फिरवले. एकही नाही. पण निळ्या रंगात पॉलीच पॉली होत्या, थव्यानं, एकमेकींवर चढलेल्या. मी त्यांच्यावरून पुढे सरकत राहिले, कारण मला दांड्या शोधायच्या होत्या. फॉर्मवर विचारलं होतं तेवढंच लिहिलं, एएफबी निगेटिव्ह, म्हणजे क्षयाचे जंतू दिसले नाहीत. तरी शंकेपोटी क्षयाची गोळी सहा महिने चालली. अण्णा काय काम करायचे हे कुणी विचारलं नाही, आणि मुलगी असून मीही ते फॉर्मवर लिहिलं नाही. बिसिनोसिस कामगार भरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे, हे मला कळलं तेव्हा अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

ती तिसरी स्लाइड मी टाकली नाही. लाकडी पेटीत आहे. मध्यंतरी काढून लावली. रंग बराच उडालाय, पण केंद्रकाच्या गाठी दिसतात. एक फील्ड पूर्ण मोजलं, तेव्हा मोजायला हवं होतं तसं.

भद्रावती पेठेतली बाई चार दिवसांनी पुन्हा आली, मुलगा चालत होता. मांडीत खोल गळू होतं, डॉक्टरांनी पू काढला म्हणाली. पू निघाला म्हटल्यावर मला किती बरं वाटलं ते तिला सांगून कळलं नसतं. मी मुलाला खुर्चीवर उभं केलं आणि मायक्रोस्कोपमधून त्याच्याच रक्ताची स्लाइड दाखवली. तो बराच वेळ डोळा लावून होता.

थुंकीच्या फॉर्मवर मी आता पेशंटचं काम लिहून घेते. विडी वळणाऱ्या बायका, टॉवेलच्या कारखान्यातले गडी, पीठगिरणीवाले. गेल्या महिन्यात तिशीतला एक मुलगा आला, बोलताना मधेच श्वास घेत होता. विचारलं तर म्हणाला, सूतगिरणीत ब्लो रूमला (कापसाच्या गाठी फोडून झाडतात ते खातं) आहे, आठ वर्षं. मी पेन हातात धरून विचारलं, “सोमवारी जास्त होतं का?”

त्यानं मान हलवली. “न्हाई ताई, सोमवारी काय न्हाई. आमची सुट्टी शुक्रवारी असती.” थोडा थांबून म्हणाला, “मला शनिवारी होतं.”